एक्स-रेतून कापलेलं पिंपळपान

त्यांना सगळी सोसायटी सिस्टर म्हणायची. त्यात नवल काही नव्हतं, कारण त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या आणि मेट्रन होऊन रिटायर झाल्या होत्या. नवल हे होतं की त्यांचा नवराही त्यांना सिस्टरच म्हणायचा. "सिस्टर, चहा ठेवू का?" असं एक पांढऱ्या मिशांचा गृहस्थ स्वतःच्या बायकोला विचारतोय हे पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा आपण चुकून एखाद्या नर्सिंग होममध्ये खोली भाड्याने घेतली की काय असं मला वाटलं.

मी लातूरकडची. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी लागली आणि खोली शोधत शोधत पूर्वेला पालेगावच्या रस्त्यावरच्या त्यांच्या दारात उभी राहिले. मुलगा बंगळुरूला गेल्यामुळे त्याची खोली रिकामी होती. मी कागदपत्रं, कंपनीचं ओळखपत्र, वडिलांचा नंबर सगळं घेऊन गेले होते. सिस्टरांनी त्यातलं काही पाहिलं नाही. मला उजेडात उभं केलं, अंगठ्याने माझी खालची पापणी ओढून आत बघितलं, जीभ काढायला लावली आणि म्हणाल्या, "हिमोग्लोबिन कमी आहे. राहा."

रिटायर झाल्यावर पहिले काही आठवडे त्यांनी बिल्डिंगमधल्या प्रत्येकाचं बीपी तपासलं. जिन्यात भेटेल त्याचा दंड धरायच्या. शेवटी लोक लिफ्टची वाट बघत तळमजल्यावर ताटकळायला लागले, पण जिना टाळायचे. मग एका रविवारी नाश्त्याला त्यांनी नवऱ्याला, म्हणजे आमच्या काकांना, आणि मला सांगितलं की आता त्या रंगीत काचेचं काम करणार आहेत. चर्चच्या खिडक्यांत असते तशी, तुकड्या-तुकड्यांची. ठाण्याला कुणीतरी शिकवतं तिथे नाव घातलं आहे, आणि सगळं झाल्यावर घरातच काम मांडायचं आहे.

का, असं सगळ्यांनी विचारलं आणि प्रत्येकाला वेगळं उत्तर मिळालं. सोसायटीच्या सेक्रेटरीला त्यांनी शुगरचं कारण सांगितलं. बदलापूरच्या नणंदेला सांगितलं की बोटांचा व्यायाम म्हणून डॉक्टरांनीच लिहून दिलंय. दूधवाल्याला सांगितलं की परदेशातून ऑर्डर आली आहे. काकांना म्हणाल्या, तुम्ही टीव्हीसमोरून हलत नाही म्हणून. मी खरं कारण विचारलं तेव्हा त्यांनी उलट मलाच विचारलं, "तुला यातलं कुठलं पटलं? तेच खरं धर."

ठाण्याचा क्लास संपला आणि घरात जागेचा शोध सुरू झाला. पहिली पाळी बाल्कनीची. समोर टॉवरचं बांधकाम चालू होतं, त्यामुळे संध्याकाळपर्यंत काचेवर सिमेंटचा थर बसायचा. वाऱ्याने कागदाचे नमुने उडून खालच्या पार्किंगमध्ये जायचे, आणि वॉचमन ते एकेक करून आणून द्यायचा. कबुतरांनी जे केलं ते सांगण्यासारखं नाही. मग काम हॉलमध्ये आलं. तिथे दुसऱ्याच दिवशी काकांच्या टाचेत काचेचं कुसळ शिरलं. काका सोफ्यावर पाय पुढे करून बसले आणि सिस्टरांनी चिमटा, गॉज, बीटाडीन, टॉर्च असा सगळा सरंजाम मांडला. रिटायर झाल्यापासून मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. ड्रेसिंग झाल्यावर त्या काकांना म्हणाल्या की फार छान जखम होती. पण हॉल गेला तो गेलाच.

त्यानंतर त्या स्वयंपाकघराच्या दारात बराच वेळ कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या. मग आम्हाला बोलावून घेतलं.

"बघा," त्या म्हणाल्या, "ग्रॅनाइटचा ओटा. बाजूला सिंक. वर एक्झॉस्ट पंखा. मिक्सरचा जाड प्लग. डोक्यावर ट्यूबलाइट. घरातली सगळ्यात चांगली खोली. आणि आपण इथे करतो काय? दुधीभोपळा."

काच घासायच्या मशीनला पाणी लागतं, तुकडे जोडायच्या डागकामाचा, म्हणजे सोल्डरिंगचा, धूर बाहेर जावा लागतो, हे खरंच होतं. पण डागकामात शिसं असतं, त्यामुळे जिथे ते काम चालेल तिथे खाण्यापिण्याची एकही वस्तू राहता कामा नये, असा मेट्रनचा हुकूम निघाला. सिस्टर अर्धवट काही करत नसत. त्या संध्याकाळपर्यंत डबे, फ्रिज, कुकर, ताटाळं, सगळं स्वयंपाकघर त्या दोघांच्या बेडरूममध्ये गेलं. गॅस बंद करून इंडक्शनची शेगडी आली, ती काकांच्या उशाशी असलेल्या टेबलावर बसली. ज्याच्या उशाशी शेगडी त्याने चहा करायचा, हे ओघानेच आलं. चहावरून काका पोह्यांवर गेले, पोह्यांवरून वरणावर. महिन्याभरात त्यांची मुगाची खिचडी इतकी जमली की मी डबा लावायचा विचार सोडून दिला. त्या घरातल्या चादरींना मात्र कायम लसणाच्या फोडणीचा वास यायचा.

आणि स्वयंपाकघराचं ऑपरेशन थिएटर झालं. आत जाताना चप्पल बदलायची, केस बांधायचे, चष्मा लावायचा, बाहेर येताना कोपरापर्यंत हात धुवायचे. हत्यारं सलाइनच्या स्टँडला टांगलेली. कापलेले तुकडे दवाखान्यातल्या त्या काजूच्या आकाराच्या स्टीलच्या ट्रेमध्ये. मिसळणाचा जुना डबा तेवढा तिथेच राहिला होता. त्यात हळदीच्या वाटीत पिवळी काच, तिखटाच्या वाटीत लाल, धण्याच्या वाटीत हिरवी. ओट्यावरची बारीक कुसळं उचलायला त्या ओल्या कणकेचा गोळा फिरवायच्या. फोनवर एका गोऱ्या माणसाचे व्हिडिओ लावून शिकायच्या आणि तो उघड्या हाताने काच धरायला लागला की त्याला रागवायच्या.

काच आणायला आम्ही उल्हासनगरला जायचो. तिथे काचेच्या दुकानात एक सिंधी शेठ होते. पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, "दादी, मंदिर के लिए चाहिए या बाथरूम के लिए?" सिस्टर भडकल्या. मी काय आजी दिसते का, असं त्यांनी मराठीतच सुनावलं. शेठ हात जोडून म्हणाले की हमारे सिंधी में दादी मतलब बड़ी बहन. सिस्टर माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "म्हणजे हा पण सिस्टरच म्हणतोय की गं." त्या दिवसापासून त्या दुकानाशी त्यांचं नातं जुळलं. त्या प्रत्येक काच उचलून रस्त्याच्या मधोमध आभाळासमोर धरून बघायच्या, मागे टेम्पो हॉर्न मारत राहायचे, आणि शेठ गल्ल्यावरून उठून ट्रॅफिक सांभाळायचे.

परतताना रिक्षात मधोमध चादरीत गुंडाळलेली काच उभी, एका बाजूला त्या, दुसऱ्या बाजूला मी. दर खड्ड्याआधी त्या रिक्षावाल्याला, बाळंतपणाच्या खोलीत बोलतात त्या सुरात सांगायच्या, हळू, हळू, आता सोड. एकदा एक रिक्षावाला घाबरून म्हणाला की मॅडम, काही इमर्जन्सी आहे का, दवाखान्यात घेऊ का.

हे सगळं असंच छोट्या छोट्या तुकड्यांवर चाललं असतं. कुणाला दिव्याची शेड, कुणाला दारावरचा फुलाचा चौकोन. पण काकांचा पुतण्या बदलापूरला चामटोलीच्या बाजूला राहायचा आणि तिथल्या नव्या विहाराच्या कमिटीत होता. विहार लहानसंच, लोकांनी हळूहळू बांधलेलं. पश्चिमेच्या दारावर एक गोल भोक ठेवलं होतं, हात पसरले तर जेमतेम मावेल एवढं. तिथे साधी काच लावायची की पंखा, यावर मीटिंग चालली होती. आम्ही तिथे जेवायला म्हणून गेलो होतो. सिस्टर ताटावरून मान वर न करता म्हणाल्या, "तिथे पिंपळाचं पान बसेल. मी देते. वैशाख पौर्णिमेला." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तोवर त्यांनी ताटापेक्षा मोठं काही केलं नव्हतं. घरी येऊन त्यांनी हात धुतले, पुसले आणि परत धुतले. त्या घाबरल्या आहेत हे मला त्यावरून कळलं.

पहिली अडचण नमुन्यांची. प्रत्येक तुकड्याचा कागदी साचा कापायचा, काचेवर ठेवून आखायचं, मग मशीनवर घासून नेमका आकार आणायचा. कागद पाण्याने लिबलिबीत व्हायचा. सिस्टरांनी कपाटातून काकांच्या गुडघ्याचा जुना एक्स-रे काढला आणि कात्री चालवली. फिल्म भिजत नव्हती, दुमडत नव्हती. पण एवढ्या मोठ्या पानाला एक गुडघा कुठे पुरणार? त्यांनी सोसायटीच्या बोर्डावर चिठ्ठी लावली की जुने एक्स-रे हवेत. गाद्यांखालून, कपाटांवरून, बॅगांतून लोकांनी हाडं काढून दिली. तळमजल्यावरच्या आजींचा खुबा आला. समोरच्या मास्तरांचा मणका आला. मशीनचा आवाज होतो म्हणून ज्यांनी कमिटीकडे तक्रार केली होती, ते सेक्रेटरीही एका संध्याकाळी स्वतःच्या छातीचा फोटो घेऊन आले आणि तो पानाच्या वरच्या भागात वापरावा अशी विनंती करून गेले. मग रोज कुणी ना कुणी यायचं, चप्पल बदलायचं, चष्मा लावायचं आणि आपलं हाड कुठपर्यंत आलं ते बघून जायचं. आता दवाखाने सीडी देतात, ती कापता येत नाही, याचा सिस्टरांना फार राग होता.

दुसरी अडचण जागेची. ओट्यावर एवढं मोठं वर्तुळ मावत नव्हतं. एका संध्याकाळी मी कामावरून आले तर सिस्टर माझ्या खोलीत टेप घेऊन भिंत मोजत होत्या. त्या महिन्यात मी तीन मैत्रिणींकडून ऐकलं होतं की मुलींना खोली मिळणं किती अवघड झालंय. सिस्टरांनी टेप गुंडाळली आणि सरळ सांगितलं, "तुझी खोली मला हवीय. पण तू पण हवीयेस. दोन्ही कसं जमवायचं ते तू सांग."

मी विचार केला आणि म्हणाले की मग मी ओट्यापाशी झोपते. झालं. शिशाचं सगळं सामान माझ्या खोलीत गेलं, सिस्टरांनी स्वयंपाकघर फिनाइलने इतकं धुतलं की टाइल्सचा मूळ रंग मला तेव्हाच कळला, आणि माझा पलंग सिंकशेजारी आला. सकाळी पलंगावरून न उतरता तोंड धुता येणं ही काय चैन आहे ते अनुभवल्याशिवाय कळायचं नाही.

पानाचा देठ मात्र फार छळत होता. लांब, वळणदार तुकडा, कापताना दरवेळी वळणावरच तुटायचा. सिस्टर तुटलेला बाजूला ठेवायच्या, कटरचं चाक रॉकेलमध्ये बुडवायच्या आणि पुन्हा आखायला घ्यायच्या. चिडायच्या नाहीत. दारापलीकडून मला काच तडकल्याचा आवाज यायचा आणि त्यामागून त्यांचं शांतपणे "परत" एवढं म्हणणं. उल्हासनगरच्या शेठनी आपल्याकडची त्या हिरव्या रंगाची शेवटची काच पाठवून दिली आणि त्या शेवटच्या काचेतून देठ निघाला.

पौर्णिमेच्या सकाळी नेण्याचा प्रश्न आला. अशी काच आडवी न्यायची नसते, वजनाने मधून लचकते. उभीच न्यायची. टेम्पोवर सिस्टरांचा विश्वास नव्हता. दवाखान्यातला त्यांचा एक जुना ड्रायव्हर आता स्वतःची अ‍ॅम्ब्युलन्स चालवायचा, सगळे त्याला मामा म्हणत. सिस्टरांनी त्याला बोलावलं, पण अट घातली की सायरन वाजवायचा नाही, आणि रस्त्यात पेशंटचा फोन आला तर काच ताबडतोब खाली. मामा म्हणाला, सणाच्या दिवशी सकाळी कोण आजारी पडतंय.

प्लायवूडच्या चौकटीत बसवलेलं ते पान आम्ही आत उभं केलं. सिस्टर पांढरी शुभ्र साडी नेसल्या होत्या. अंबरनाथ मागे पडलं, बदलापूरच्या हद्दीत शिरलो, आणि मामाचा फोन वाजला. चामटोलीच्या पलीकडे आत एका शेतघरात एका बाईला कळा सुरू झाल्या होत्या आणि रिक्षा तिथवर जायला तयार नव्हती.

"काच उतरवा," सिस्टर म्हणाल्या.

मामा म्हणाला की वाटेवरच आहे, काच राहू दे की आत. सिस्टरांनी मागचं दार उघडलं. "मग ती बाई कुठे झोपेल? काचेवर?"

आम्ही रस्त्याच्या कडेला पान उतरवलं. मामाने दार लावता लावता सांगितलं की आज त्याच्याबरोबर मदतीला कुणी नाही. सिस्टरांनी पानाकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग पदर खोचला. "उभी धरा. आडवी करायची नाही. हलायचं नाही," एवढं सांगून त्या गाडीत चढल्या. या वेळी सायरन वाजला.

आम्ही दोघं तसेच उभे. एका बाजूला काका, एका बाजूला मी, मध्ये पिंपळाचं पान. ऊन पाठीमागून येत होतं, आणि डांबरावर आमच्या दोघांच्या सावल्यांमध्ये एक मोठं हिरवं-पिवळं पान पडलं होतं. रात्रपाळीहून सुटलेले कामगार रिक्षांमधून माना काढून बघत होते. एकाने विचारलं की नवीन हॉटेलचा बोर्ड आहे का. एका बाईने रिक्षा थांबवली, उतरली, रस्त्यावरच्या त्या रंगात तळहात धरून बघितले आणि परत जाऊन बसली. दोन मुलांनी सेल्फी काढले. मला हसू यायला लागलं आणि आवरेना, आणि हसताना चौकट हलेल म्हणून आणखी हसू येत होतं.

मग काकांचा गुडघा थरथरताना दिसला. मी म्हणाले की काका, तुम्ही बसा, मी धरते. ते म्हणाले, "सिस्टर म्हणाल्यात हलायचं नाही."

आणि तिथे, रस्त्याच्या कडेला, त्यांनी मला त्यांची गोष्ट सांगितली. तरुणपणी फॅक्टरीत पाय मोडला होता, दवाखान्यात वजनं लावून पाय टांगला होता. नवीन लागलेल्या एका नर्सने सांगितलं, हलायचं नाही, आणि ती दुसऱ्या वॉर्डात गेली. मग तिची ड्युटी संपली. काका हलले नाहीत. पाण्याचा ग्लास बाजूला होता, तोही घेतला नाही. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा हे अजून तसेच्या तसे. तिला कळेना, रागवावं की काय करावं. "आधी हसली," काका म्हणाले, "मग रडायला लागली. मग म्हणाली, पाणी प्या. मी तेव्हाच ठरवलं."

मी सिस्टरांना फोन लावत होते. उचलत नव्हत्या, हात मोकळे नसणार. ऊन चढत होतं. इतक्यात उल्हासनगरहून गाद्या घेऊन बदलापूरला चाललेला एक टेम्पो आमच्यासमोर थांबला. ड्रायव्हर म्हणाला, दोन गाद्यांच्या मध्ये उभी करू, आईच्या कुशीत बसल्यासारखी जाईल. मी काकांना खूप समजावलं. ते त्या रस्त्याकडे बघत राहिले, जिकडे अ‍ॅम्ब्युलन्स गेली होती. मग आपल्या गुडघ्याकडे बघितलं. मग पानाकडे.

"बेटा," ते म्हणाले, "हलूया."

कित्येक वर्षांच्या नोकरीचा राजीनामा द्यावा तसं ते म्हणाले. टेम्पोत आम्ही दोघं गाद्यांना टेकून उभे राहिलो, आणि काकांच्या चेहऱ्यावर असं काही हसू होतं की शाळा बुडवून निघालेला मुलगा दिसावा.

विहारात मिस्त्री वाट बघत होता. पान उचलून गोलात बसवेपर्यंत काका खालून ओरडून सूचना देत होते, जरा डावीकडे, जरा वर, असं. त्यांचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. बसलं. पण तेव्हा सूर्य डोक्यावर होता, पश्चिमेची खिडकी नुसतीच फिकी दिसत होती. लोक छान आहे म्हणाले आणि जेवायला गेले.

सिस्टर उतरत्या उन्हात आल्या. साडीवर डाग, केस सुटलेले, पायात एकच चप्पल, दुसरी शेतात राहिली होती. बाई आणि बाळ दोघांना दवाखान्यात पोचवून त्या आल्या होत्या. पुतण्याने विचारलं, काय झालं? "मुलगी," त्या म्हणाल्या. "आवाज खणखणीत आहे."

काका त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. "सिस्टर," ते म्हणाले, "आम्ही हललो."

सिस्टरांनी आधी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मग वाकून दोन्ही हातांनी त्यांचा गुडघा दाबून पाहिला. "सुजलाय," त्या म्हणाल्या. "बसा आधी." त्यांना पायरीवर बसवलं, नळावर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले आणि आत आल्या.

आत तोवर उजेडातून पान खाली उतरलं होतं. फरशीवर, बायकांच्या मांड्यांवर, कुणाच्या टकलावर, हार्मोनियमच्या पेटीवर सगळीकडे हिरवं आणि पिवळं. सोसायटीची माणसंही आली होती आणि आपापली जागा शोधत होती. मास्तर एका पट्ट्यात बसून शेजारच्याला सांगत होते की हा माझा मणका. सिस्टर बाजूच्या भिंतीला टेकून खाली बसल्या आणि त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं. बराच वेळ बघितलं. त्या काय म्हणतात म्हणून मी जवळ सरकले.

"देठापाशी डागकाम जाड झालंय," त्या म्हणाल्या. आणि भिंतीला डोकं लावून, तोंड किंचित उघडं ठेवून, सगळ्यांसमोर झोपी गेल्या.

भन्तेजी आले. पुतण्या माइक घेऊन हॅलो हॅलो करायला लागला. काका लंगडत त्याच्यापर्यंत गेले आणि त्यांनी माइकचं बटण बंद केलं. भन्तेजींना काहीतरी कानात सांगितलं. भन्तेजींनी भिंतीकडे पाहिलं. पानाचा उजेड सरकत सिस्टरांच्या त्या मळक्या पांढऱ्या साडीवर चढला होता, आणि त्यांच्या एका अनवाणी पायावर पानातल्या एकुलत्या लाल तुकड्याची चकती पडली होती. भन्तेजींनी मान डोलावली, डोळे मिटले आणि सुरुवात केली.

त्या संध्याकाळी सगळं विहार भरलेलं असताना त्रिसरण म्हटलं गेलं ते अगदी दबक्या आवाजात, शेजारच्यालाच ऐकू जाईल इतकं, आणि मधे कुणाचा आवाज चढला की काका ओठांवर बोट ठेवून त्याच्याकडे बघायचे.